रुग्ण एक, नोंद एक



३५ वर्षें मास्तरकी केल्यामुळें शाळेच्या जनरल रजिस्टराविषयीं माझ्या मनांत फार आदर आहे. मूल शाळेंत दाखल झालें कीं त्यास एक क्रमांक मिळतो. पुढें इयत्ता बदलो, तुकडी बदलो, क्रमांक तोच. हीच साधी गोष्ट एका जगद्विख्यात दवाखान्यास १९०७ सालीं नव्यानें शोधून काढावी लागली, हें ऐकून आपणांस नवल वाटेल.

अमेरिकेंत मिनेसोटा राज्यांतील रॉचेस्टर गांवीं मेयो बंधूंचा खासगी दवाखाना होता. तेथें प्रत्येक डॉक्टर आपल्या खोलींतील वहींत रोग्यांची हकीकत लिहीत असे. रोगी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला कीं वहीहि दुसरी. माणूस एक, पण त्याची हकीकत चहूंकडे विखुरलेली! १९०१ सालीं तेथें रुजू झालेले डॉ. हेन्री प्लमर यांस ही अव्यवस्था खटकली. मेबल रूट या बाईंच्या साहाय्यानें त्यांनीं नवी पद्धत घातली. प्रत्येक रोग्यास एक क्रमांक, व त्या क्रमांकाचें एकच बाड. तपासणी, पत्रें, शस्त्रक्रिया, सारें त्यांतच.

परंतु कागद एकत्र आले म्हणजे अर्थहि एकत्र येतोच, असें नाहीं. १९६८ सालीं डॉ. लॉरेन्स वीड यांनीं सुचविलें कीं, आरंभीं रोग्याच्या व्याधींची क्रमवार यादी असावी आणि प्रत्येक नोंद तिला जोडलेली असावी. त्याच सुमारास बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलांत डॉ. ऑक्टो बार्नेट यांच्या प्रयोगशाळेंत 'कोस्टार' ही संगणकप्रणाली आकारास येऊं लागली. बाह्यरुग्णांची हकीकत, भेटींच्या वेळा व बिलें यांची तींत सांगड घातली गेली.

आतां आपल्याकडे पहा. भेटीची वेळ कंपाउंडरच्या वहींत, तपासणीचा कागद प्रयोगशाळेंत, औषधाची चिठ्ठी रोग्याच्या खिशांत! गेल्या वर्षीं दोन डॉक्टरांनीं मला एकच औषध दोन निराळ्या नांवांनीं लिहून दिलें. दोघेहि सज्जन, पण एकाचें लिखाण दुसऱ्यास दिसत नव्हतें. औषधांच्या दुकानदारानें हटकलें म्हणून दुप्पट मात्रा टळली. अशा वेळीं नोंदींची एकात्मता ही चैन नसून गरज आहे, हें पटतें.

मात्र सारें एका ठिकाणीं ठेवलें म्हणजे किल्ली कोणाच्या हातीं, हा प्रश्न उरतोच. शाळा सोडतांना मुलास दाखला मिळतो, तो त्याचा हक्क असतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनींहि रोग्यानें मागणी केल्यास ७२ तासांच्या आंत नोंदी देण्याचें बंधन डॉक्टरांवर घातलें आहे. यंत्र कोणतेंहि असो, तें हा हक्क सुलभ करणारें व रोग्याचें गुपित राखणारें असावें. तेव्हां आपल्या डॉक्टरांस एवढेंच विचारा: "माझी सारी हकीकत एका ठिकाणीं आहे ना, आणि मागितल्यास मला मिळेल ना?"