नवी विंडोज आणि जुन्या मराठी फाइली : एका स्थित्यंतराचा इतिहास

संगणकावरील ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की दोन प्रकारच्या प्रतिक्रिया एकाच वेळी उमटतात. कोणी म्हणते, ‘आता काम किती सोपे झाले!’ आणि शेजारच्याच खुर्चीवरून कोणी म्हणते, ‘माझे चालते काम बंद पाडले.’ तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना पहिली प्रतिक्रिया सहज नोंदली जाते. दुसरीला ‘बदलाला विरोध’ असे नाव देऊन बाजूला ठेवले जाते. या पाठात आपण दोन्ही प्रतिक्रिया शेजारी ठेवून पाहणार आहोत. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते विंडोज २००० आणि विंडोज एक्सपी आल्यानंतर मराठीत काम करणाऱ्यांना आलेल्या अनुभवाचे.

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. या बदलाविषयीची तक्रार आणि कौतुक या दोन्हींचे कारण एकच होते. संगणक पूर्वी मराठी मजकूर ‘आकार’ म्हणून साठवत असे, तो आता ‘अक्षर’ म्हणून साठवू लागला. ज्यांच्याकडे जुने काम नव्हते त्यांच्या वाट्याला फायदा आला. ज्यांच्याकडे दहा वर्षांच्या फाइली आणि बोटांत मुरलेली सवय होती त्यांच्या वाट्याला किंमत आली.

१. डॉसच्या काळातील मराठी

भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे महत्त्वाचे काम १९८० च्या दशकात आयआयटी कानपूर येथे झाले. तेथे तयार झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाल्यावर तेथे पुढे वाढले. जिस्टचे एक कार्ड संगणकात बसवले की डॉसवर चालणाऱ्या कार्यक्रमांत देवनागरी दिसू लागे. याच काळात, १९८६ मध्ये, ‘इन्स्क्रिप्ट’ ही कळपाटाची मांडणी सरकारी पातळीवर ठरवण्यात आली. पुढे १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ‘इस्की’ ही संकेतप्रणाली आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध केली.

इस्कीमागचा विचार लक्षात ठेवा. त्यात ‘क’ या अक्षराला एक संकेत होता. तो पडद्यावर अर्धा दिसावा की पूर्ण, जोडाक्षरात कसा दिसावा, हे यंत्राने ठरवायचे. म्हणजे साठवण अक्षराची आणि आकार दाखवताना तयार करायचा. १९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीची १२८ जागांची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली होती.

२. विंडोज ९५ आणि फॉन्टांचे युग

१९९५ मध्ये विंडोज ९५ आली आणि छपाईच्या व्यवसायाने डॉस सोडले. पण या विंडोजला देवनागरीची जोडणी करता येत नव्हती. मग सोपी युक्ती निघाली. इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे : कुठे काना, कुठे अर्धा ‘त’, कुठे रफार. पुण्याची श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, बंगळुरूची आकृती आणि उत्तर भारतात सर्वत्र पसरलेला कृतिदेव या सगळ्यांनी कमीअधिक फरकाने हीच वाट धरली.

कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द टंकित केला तर संगणकात प्रत्यक्षात काय साठते? ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच इंग्रजी अक्षरे. आपल्याला ‘मराठी’ दिसते, कारण फॉन्टने त्या अक्षरांना देवनागरीचा पोशाख चढवलेला असतो. फॉन्ट काढला की पोशाख उतरतो आणि निरर्थक इंग्रजी उरते. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एका फॉन्टात लिहिलेली फाइल दुसऱ्या फॉन्टात उघडत नसे.

इतिहासाच्या दृष्टीने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डॉसवरील इस्की ही अक्षरे साठवत होती आणि तिच्यानंतर आलेली विंडोज ९५ आकार साठवायला लावत होती. म्हणजे प्रणाली नवी असली तरी साठवणुकीच्या बाबतीत ते पाऊल मागे पडले होते. तरीही छपाईवाल्यांना ती आवडली, कारण माऊस, पेजमेकर आणि सुबक अक्षरवळणे यांमुळे लग्नपत्रिकेपासून दैनिकापर्यंत सगळे टेबलावरच्या संगणकावर होऊ लागले.

३. विंडोज २००० ने काय बदलले

फेब्रुवारी २००० मध्ये बाजारात आलेल्या विंडोज २००० मध्ये देवनागरीला प्रथमच युनिकोडचा आधार मिळाला. सोबत ‘मंगल’ हा फॉन्ट होता. त्याचे रेखाटन मुंबईचे अक्षरकार रघुनाथ कृष्ण जोशी यांचे. जोडाक्षरे जुळवण्याचे काम ‘युनिस्क्राइब’ नावाचा प्रणालीतील भाग करू लागला. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या एक्सपीमुळे ही सोय कार्यालये, सायबर कॅफे आणि घरे येथपर्यंत पोहोचली.

मात्र ती आपोआप चालू होत नसे. एक्सपीत ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ उघडून जटिल लिप्यांची खूण करायची, मूळ सीडी घालायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. ज्याच्याकडे सीडी नाही त्याला मराठीऐवजी रिकामे चौकोन किंवा विस्कटलेल्या वेलांट्या दिसत. त्यामुळे ‘युनिकोडमध्ये मराठी नीट दिसत नाही’ असा समज अनेक वर्षे टिकून राहिला.

४. तक्रारी

पहिली तक्रार बोटांची होती. टंकलेखन यंत्रावर शिकलेला माणूस ‘दिवस’ लिहिताना आधी ऱ्हस्व वेलांटी मारतो आणि मग ‘द’, कारण कागदावर वेलांटी डावीकडे येते. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम पाळायचा : आधी ‘द’, मग वेलांटी. ‘धर्म’ लिहिताना जुना टंकलेखक रफार शेवटी देई. नव्या पद्धतीत ‘ध’नंतर ‘र’, हलन्त आणि मग ‘म’. क्रम चुकला की पडद्यावर ठिपक्यांचे वर्तुळ उमटे. वीस वर्षे न बघता टंकन करणाऱ्या माणसाला पुन्हा कळपाटाकडे बघावे लागले. त्याच्या वेगावर त्याची रोजी होती, हे विसरून चालणार नाही.

दुसरी तक्रार फाइलींची. पेजमेकरला युनिकोड कळत नव्हता. त्यात नवा मराठी मजकूर चिकटवला की प्रश्नचिन्हे येत. म्हणून छापखान्यांनी जुने फॉन्टच चालू ठेवले आणि एकाच कार्यालयात दोन प्रकारचे मराठी नांदू लागले. साध्या नोटपॅडमध्येही जतन करताना मूळ निवड ‘एएनएसआय’ ही असे. इशारा न वाचता ‘ओके’ दाबले की सगळा मजकूर प्रश्नचिन्हांत बदलून जाई. ही मूळ निवड २०१९ मधील विंडोज १० च्या अद्ययावतीकरणात बदलली, म्हणजे विंडोज २००० नंतर १९ वर्षांनी.

तिसरी तक्रार मराठीपणाची होती. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. हा फरक दाखवणारा ‘ऱ’ इन्स्क्रिप्टमध्ये ‘र’च्याच कळीवर शिफ्टसह आहे, पण हे सांगणारे कोणी नसे. काहींनी ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह वापरून तोच आकार मिळवला. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण शोध घेताना एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. ‘बँक’, ‘कॅमेरा’ लिहिता येई, पण ‘ॲप’मधील ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधीच्या फॉन्टांत हे अक्षर असणे शक्यच नव्हते. मंगलमधील ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदी धाटणीची होती, हीही शिक्षकांची तक्रार. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला आणि वर्णांची वळणे निश्चित केली. त्यामागील अस्वस्थता केवळ संगणकाची नव्हती, पण संगणकाने ती रोज डोळ्यांसमोर आणली.

५. कौतुक

आता दुसरी बाजू. फाइलीला मराठीत नाव देता येऊ लागले. पत्रासोबत फॉन्ट पाठवण्याची गरज संपली. नावांची यादी अकारविल्हे लावता येऊ लागली. आकार साठवणाऱ्या फाइलीत ती इंग्रजी संकेतांच्या क्रमाने लागे, म्हणजे निरुपयोगी. सर्वांत मोठा फायदा शोधाचा. शंभर पानांत एक शब्द कुठे कुठे आला आहे हे यंत्र सांगू लागले. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया या पायावरच उभा राहिला. अंध वाचकांसाठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे कार्यक्रमही अक्षरे साठवलेली असली तरच मराठी वाचू शकतात.

हे कौतुक करणारे बहुतेक जण नव्याने लिहू लागलेले होते : विद्यार्थी, परदेशी राहणारे मराठी लोक, हौशी लेखक. त्यांना काही विसरायचे नव्हते आणि काही रूपांतरित करायचे नव्हते. म्हणून त्यांना टंकलेखकाची चिडचिड अडाणीपणाची वाटली. टंकलेखकाला त्यांचा उत्साह फुकटचा वाटला. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

६. पुढच्या आवृत्त्या

२००७ मध्ये आलेल्या व्हिस्टापासून भारतीय लिप्यांचा आधार मुळातच चालू असतो. सीडी शोधावी लागत नाही. २००९ मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक स्वीकारले. पण याच काळात ६४ बिटांच्या विंडोजने १६ बिटांचे जुने कार्यक्रम चालवणे थांबवले. मग काही ठिकाणी केवळ जुन्या फाइली उघडण्यासाठी एक जुना संगणक कोपऱ्यात जपला गेला. ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा आधार संपला, तेव्हा हा कोपऱ्यातला संगणकही असुरक्षित ठरला.

जुने फॉन्ट युनिकोडमध्ये बदलून देणारे रूपांतरक उपलब्ध आहेत. त्यांच्या कामात अर्धी अक्षरे आणि रफार येथे चुका राहतात, म्हणून रूपांतरानंतर माणसाने वाचून तपासणे आवश्यक असते. हा वेळ नव्या प्रणालीच्या खर्चात सहसा कोणी धरत नाही.

७. झाशीतून पाहताना

हे टिपण बिजौली, झाशी येथे लिहिले आहे. या भागात हा इतिहास अजून संपलेला नाही. हिंदी टंकलेखनाच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना आजही ‘कृतिदेव की मंगल?’ हा प्रश्न सोडवावा लागतो. म्हणजे आकार की अक्षर, हाच तो प्रश्न.

झाशी अठराव्या शतकात मराठी सुभेदारांच्या हाती आली. त्या काळचे मराठी दप्तर मोडी लिपीत लिहिले जाई. पुढे मोडी शाळेतून गेली आणि ती वाचणारे विरळ झाले. युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली २०१४ मध्ये, ७.० या आवृत्तीत. तरीही मोडी कागद डोळ्यांना दिसतो आणि शिकून वाचता येतो. फॉन्ट हरवलेली फाइल मात्र डोळ्यांना दिसतच नाही. दोनशे वर्षांपूर्वीचा कागद वाचता येतो आणि २५ वर्षांपूर्वीची फाइल वाचता येत नाही, असे आपल्या डोळ्यांदेखत घडू शकते.

म्हणून तुम्ही पुढे एखाद्या कार्यालयाची प्रणाली बदलायला जाल, तेव्हा नव्या सोयींच्या यादीआधी एक यादी करा : येथे कोणाचे जुने काम आहे, ते कशात साठवले आहे आणि ते नव्या यंत्रात उघडते का. तक्रार करणाऱ्याला ती यादी बहुधा तोंडपाठ असते. त्याला आधी विचारा.

स्वाध्याय

१. इस्की, कृतिदेव आणि युनिकोड यांत ‘धर्म’ हा शब्द साठवण्यात काय फरक पडेल, ते स्वतःच्या शब्दांत सांगा.
२. ‘विंडोज ९५ हे मराठीसाठी मागे पडलेले पाऊल होते.’ या विधानाच्या बाजूने आणि विरुद्ध प्रत्येकी दोन मुद्दे लिहा.
३. तुमच्या घरी किंवा महाविद्यालयात जुन्या फॉन्टातील एखादी फाइल असल्यास ती युनिकोडमध्ये आणा. कोणत्या अक्षरांत चुका झाल्या आणि त्या दुरुस्त करायला किती वेळ लागला, याची नोंद ठेवा.