बीकन्सफील्डचें सोंवळें

सदाशिव पेठ ज्या सदाशिवरावभाऊंच्या नांवानें वसली, त्यांचेच चुलत बंधु रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा. या दादांचे एक ब्राह्मण वकील १७८१ सालीं विलायतेंत एका इंग्रज गृहस्थाचे पाहुणे होते. राज्यकारभाराच्या इतिहासांत त्या हकीकतीला फारसें स्थान नाहीं. माणुसकीच्या इतिहासांत मात्र तें असावें.

१७७३ मध्यें नारायणराव पेशव्यांचा वध झाला, आणि पुढें पेशवाईसाठीं दादा इंग्रजांच्या आश्रयास गेले. मुंबईकर इंग्रजांनीं १७७५ मध्यें त्यांच्याशीं सुरतेस तह केला. पण कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारानें तो रद्द ठरविला. तेव्हां दादांनीं आपलें गाऱ्हाणें थेट विलायतेंत नेण्याचें योजिलें. त्या कामीं हणमंतराव नांवाचे ब्राह्मण, मणियार नांवाचे पारशी गृहस्थ व त्यांचा मुलगा अशीं तीन माणसें निघालीं. वाफेचीं जहाजें तेव्हां नव्हतीं. शिडांत वारा भरला तरच वाट सरावयाची; नाहीं तर समुद्रावर स्वस्थ बसून राहावयाचें.

समुद्र ओलांडणें शास्त्रास संमत नव्हतेंच. परंतु खरी अडचण रोजच्या दोन घांसांची होती. पुण्यांतल्या ब्राह्मणाच्या घरीं स्नान करून, सोंवळें नेसून, कोणाची शिवाशिव न होतां स्वयंपाक व्हावयाचा. आडाचें पाणी आणणारा हातहि सोंवळ्यांतला हवा. लंडनसारख्या परक्या शहरांत हें साधावें कसें? आरंभीं हणमंतरावांचे बरेच हाल झाले.

पार्लमेंटांतले प्रसिद्ध वक्ते एडमंड बर्क यांची व या मंडळींची गांठ पडली. बर्कसाहेबांचें घर लंडनपासून सुमारें २४ मैलांवर, बीकन्सफील्ड येथें होतें. तेथें ते त्यांना घेऊन गेले. थंडीपासून झाडें जपण्याकरितां त्यांच्या बागेंत एक प्रशस्त इमारत होती. अशा इमारतीस तिकडे ग्रीनहाउस म्हणतात. ती त्यांनीं पाहुण्यांच्या स्वाधीन केली. स्नानसंध्या, पूजाअर्चा, स्वयंपाक सर्व कांहीं तेथें आपल्या रीतीनें होऊं लागलें. पाहुण्यास आपल्या मेजावर बसवून जेवूं घालणें हा तिकडचा मोठा मान. पण जो मान पाहुण्यास घेतां येत नाहीं, तो देऊन काय उपयोग, हें या यजमानानें ओळखलें.

बर्कसाहेबांनीं पुढें रघुनाथरावांस पत्र लिहिलें. या ब्राह्मणास प्रथम जो त्रास पडला तो आमच्या लोकांच्या अज्ञानामुळें पडला, दुष्टाव्यामुळें नव्हे, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षीं पार्लमेंटाच्या समितीनेंहि या मंडळींना आपल्यापुढें बोलावून हिंदु चालीरीतींची माहिती विचारून घेतली.

आतां परतल्यावरची कथा ऐका. कंपनीच्या नोकरींतले विल्फर्ड यांनीं ती नोंदून ठेविली आहे. त्यांच्या लिहिण्यांत वकील दोन ब्राह्मण म्हटले आहेत. ते जातांना सुएझपर्यंत समुद्रमार्गें गेले व येतांना इराणच्या वाटेनें आले. म्लेंच्छ देशांत राहून आचार पाळला जाणें अशक्य, शिवाय हे अटक ओलांडून आले, म्हणून त्यांना वाळींत टाकण्यांत आलें. १७५८ च्या ज्या मोहिमेवरून अटकेपार झेंडे लावल्याचा अभिमान मराठी माणूस आजहि मिरवितो, तिचे सेनापति हेच राघोबादादा! झेंडा अटकेपार गेला तर पराक्रम, आणि माणूस अटकेपारहून आला तर पाप, असा हा न्याय. अनेक सभा भरल्या. अखेर त्यांचें शील व स्वदेशहिताचा हेतु पाहून प्रायश्चित्त ठरलें. दादांनीं शुद्ध सोन्याची योनि घडविली. तिच्यांतून पार होऊन वकिलांचा जणूं पुनर्जन्म झाला, पुन्हां मुंज झाली, अपार दक्षिणा वांटली गेली, तेव्हां कोठें ते पंक्तीस बसले.

वकिलीचें फळ म्हणावें तर कांहींच नाहीं. १७८२ च्या सालबाईच्या तहानें दादांच्या पदरीं नेमणूक तेवढी आली. पुण्याचा कर्मठपणाहि लगेच सैलावला नाहीं. पंचहौद मिशनच्या १८९० मधल्या चहापायीं रानडे व टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य आलें. परंतु परधर्मी पाहुण्याचें सोंवळें संभाळण्यास एका परक्या माणसास बागेंतली एक इमारत मोकळी करून देणें पुरलें; त्याच पाहुण्यास आपल्या पंक्तीस घेण्यास स्वजनांना मात्र सोनें लागलें.