मोटर न्यूरॉन विकार आणि उपशामक शुश्रूषा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मोटर न्यूरॉन विकारात स्नायूंचे नियमन करणाऱ्या चेतापेशी क्रमाक्रमाने नष्ट होतात. हालचाल, वाणी, गिळणे व अखेरीस श्वसन बाधित होते. या विकाराच्या प्रमुख प्रकाराचे स्वरूप झां-मार्तां शार्को यांनी पॅरिस येथे १८६९ मध्ये विशद केले. निदान शक्य झाले. तथापि ‘आता काही करता येणार नाही’ हेच उत्तर रुग्णाच्या वाट्याला येत राहिले.

या भूमिकेस इंग्लंडमध्ये छेद गेला. आधी परिचारिका व पुढे डॉक्टर झालेल्या सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. ही चळवळ मुख्यतः कर्करुग्णांच्या वेदनांतून उभी राहिली असली, तरी तेथे मोटर न्यूरॉन विकाराच्या रुग्णांनाही आश्रय मिळाला. अशा १२४ रुग्णांचा अभ्यास १९९२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. गुदमरून मृत्यू येईल ही भीती आणि मॉर्फिनसारख्या औषधांविषयीचा संकोच, या दोहोंना त्यातून अनुभवाधिष्ठित उत्तर मिळाले.

१९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले रिलुझोल आयुष्य काही महिन्यांनीच वाढविते. सारांश, उपशामक शुश्रूषेचा अधिकार रोगाच्या नावावरून नव्हे, तर रुग्णाच्या गरजेवरून ठरतो, हेच या इतिहासातून सिद्ध होते.