राखेचा डबा आणि चिंचेची वाटी

आज मी तुमच्याशी इतिहासाबद्दल बोलणार आहे. पण हा इतिहास गडकिल्ल्यांचा नाही, मोरीतल्या कोनाड्याचा आहे.

१९७४ साली लग्न होऊन मी पुण्यातल्या एका वाड्यात आले. आमच्या मोरीच्या कोनाड्यात तेव्हा दोन वस्तू कायम असत. एक पत्र्याचा डबा. त्यात बंबातली राख चाळून ठेवलेली. दुसरी कड फुटलेली चिनी मातीची वाटी. तिच्यात आमटीतून उरलेला चिंचेचा चोथा. शेजारी काथ्याची चिंधोटी. भांडी, बंब, समई, देवाची उपकरणी, सगळं घर यावर लखलखत असे.

पहिल्याच दिवाळीला तांब्याचा बंब घासायचं काम माझ्याकडे आलं. मी शिकलेली सून. विचार केला, सोड्याने स्वच्छ होतं, लिंबानेही होतं. मग दोन्ही एकत्र केली तर किती छान होईल! वाटीत खायचा सोडा घेऊन वर लिंबू पिळलं. भसाभसा फेस आला. मी खूश. पण बंब होता तसाच काळपट. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, त्या दोघांचं भांडण लावून दिलंस. आता ती आपसातच दमणार. बंब कोण घासणार?"

आम्ल आणि आम्लारी एकमेकांना निष्प्रभ करतात, हे मी शाळेत पाठ केलं होतं. मार्कही मिळवले होते. सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. पण त्यांच्या कोनाड्यात खार आणि आंबट ही दोन वेगळी खाती होती आणि कुठलं कुठे चालतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आधी खाराकडे वळू. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. ओशट ताटावर ओली राख चोळली की तेलकटपणा आणि खार यांचा थोडासा साबणच जागच्या जागी तयार होतो, आणि राखेची बारीक खर घासायचं काम करते. इंग्रजीतला 'अल्कली' हा शब्दही अरबीतून आला, आणि त्याचं मूळ खारट वनस्पतींच्या राखेत आहे. १८०७ साली लंडनमध्ये हम्फ्री डेव्हीने पोटॅश वितळवून त्यातून वीज सोडली आणि एक नवा धातू वेगळा केला. त्याचं नावच त्याने पोटॅशियम ठेवलं. आपल्या चुलीतल्या राखेशी त्या धातूचं असं जवळचं नातं आहे.

महाराष्ट्रात तर या खाराचं एक मोठं कोठारच आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. उल्कापाताने झालेलं ते सरोवर आपण पाहायला जातो, देवळं पाहतो, परत येतो. पण अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'ऐन-इ-अकबरी'त वऱ्हाडाची माहिती लिहिली, तेव्हा लोणारबद्दल काय नोंदवलं? काच आणि साबण करायला लागणारं साहित्य इथे मिळतं, आणि त्यातून चांगला महसूल येतो! उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर खाराचे थर जमत. लोक ते गोळा करून वाळवत. खाराच्या प्रतीप्रमाणे 'दल्ला', 'पापडी', 'भुसकी' अशी त्याची वेगवेगळी नावं होती. पुढे कारखान्यात स्वस्त सोडा होऊ लागला आणि लोणारच्या खाराची गरज संपली. आता २००० सालापासून तिथे अभयारण्य आहे, आणि २०२० साली या सरोवराला रामसर पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

दुसरं खातं आंबटाचं. तांब्या-पितळेवर हवेने जो काळपट थर चढतो तो खाराला दाद देत नाही; आम्लात मात्र विरघळतो. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, लिंबात सायट्रिक. लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्ल स्फटिकरूपात पहिल्यांदा वेगळं केलं ते कार्ल शीले या स्वीडिश औषधविक्रेत्याने, १७८४ साली. आमच्या घरात लिंबाची पिळलेली सालं त्याच कामासाठी जपून ठेवत. पण या गुणाची दुसरी बाजूही घराघराला ठाऊक होती. चिंच जे तांबं चकचकीत करते, तेच आंबट ताक कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ठेवलं तर कळकतं. दोन्हीकडे होतं एकच. आम्ल धातूला विरघळवतं. म्हणून चिंच लावायची, चोळायची आणि लगेच खळखळून धुवायचं. वाट पाहत बसायचं नाही.

तिसरी वस्तू कोनाड्यात नसे, कपाटात असे. रिठे. जरीची नऊवारी साडी, शाल, सोन्याचे दागिने यांच्यासाठी. रेशीम आणि लोकर हे प्राण्यांपासून मिळणारे, प्रथिनांचे धागे. तीव्र खाराने ते खराब होतात. रिठ्यात सॅपोनिन असतं. ते फेस देतं, मळ काढतं, पण त्यात खाराचा तिखटपणा नसतो. लिनियसने १७५३ साली या झाडांच्या कुळीला 'सॅपिंडस' नाव दिलं. त्याचा अर्थच 'भारतीय साबण' असा लावतात.

ही विद्या किती जुनी असावी? याज्ञवल्क्यस्मृतीत द्रव्यशुद्धीचं एक प्रकरणच आहे. तांबं, कथील, शिसं यांना खार, आंबट आणि पाणी. विशिष्ट लोकरी वस्त्रांना रिठा. जवसाच्या धाग्याच्या वस्त्राला पांढरी मोहरी, अशी विभागणी तिथे दिलेली आहे. वस्तू पाहून उपाय ठरवायचा, हे सूत्र तेव्हाही होतं.

पण मंडळी, इथे थोडं थांबायला हवं. त्या ग्रंथांना डागाइतकीच विटाळाची काळजी होती. आणि जो प्रत्यक्ष पाण्यात उभा राहून लोकांचे कपडे स्वच्छ करत होता, त्या रजकाची गणना अनेक स्मृतींनी अंत्यजांत केली. कुठल्या कापडाला किती खार, भट्टी किती वेळ, हे ज्ञान परटाच्या हातात. शुद्धीचा मान मात्र दुसऱ्याकडे. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात शेंडगावला एका परीट कुटुंबात जन्मलेल्या गाडगेबाबांनी दिवसा गाव झाडलं आणि रात्री कीर्तन केलं, त्यामागे हा सगळा इतिहास उभा आहे, असं मला वाटतं.

मग साबण आला. १८८८ साली सनलाइटच्या वड्या कोलकात्याच्या बंदरात उतरल्या. १९५९ साली सर्फ आली. आणि १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल नावाच्या रसायनशास्त्र शिकलेल्या नोकरदाराने घराच्या अंगणात पावडर मिसळून सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली. ती निरमा. नामांकित पावडरींपेक्षा कितीतरी स्वस्त. घरगुती पाककृतीच म्हणायची ती, फक्त साऱ्या देशाला पुरली! गॅस आला, बंब गेले, बंबाबरोबर राखही गेली.

आता पुन्हा घरगुती उपायांची हौस आली आहे, याचा मला आनंद आहे. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, घाबरू नका. धुऊन उन्हात टाका, ऊनच त्याला खातं. रक्ताचा डाग गार पाण्याने काढा, गरम पाण्याने तो पक्का होतो. सुती कापडावरच्या गंजाच्या डागाला लिंबू आणि मीठ. सांडलेल्या तेलावर आधी कोरडं पीठ. पैशाचा खर्च जवळजवळ नाही.

पण या हौसेत ती दोन खाती एकत्र होताना दिसतात. व्हिनेगर आणि सोडा एकाच बाटलीत भरून ठेवतात. माझ्या बंबाचीच गोष्ट ती. कडाप्प्याच्या ओट्यावर आणि शहाबादी फरशीवर लिंबू चोळतात; हे दोन्ही चुनखडीचे दगड, आम्लाने त्यांची झिलई कायमची जाते. ॲल्युमिनियमच्या भांड्याला धुण्याचा सोडा लावतात आणि ते काळं पडतं. इथवर नुकसान भांड्याचं. पण ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्रच्या आघाडीवर सैनिकांवर सोडला होता, तोच हा. बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो.

शेवटी सासूबाईंबद्दल. त्या गेल्यावर त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या मी चाळल्या. राख, चिंच, लिंबाची सालं यांच्यापुढे कुठेच आकडा नव्हता. ती फुकटचीच होती. पण दर हिवाळ्यात एक नोंद न चुकता सापडली: कोकमतेल. राखेच्या खाराने त्यांची बोटं उलत, रक्त येई. रात्री निजानीज झाली की त्या चुलीपाशी बसून ते तेल वितळवून बोटांच्या भेगांत भरत. भांडी घासायला बाई आल्या, तेव्हा सासूबाई त्यांच्याही हातावर ते तेल ठेवत.

स्वस्त उपाय करताना तेवढा खर्च धरायला विसरू नका. हातमोजे घाला. आणि भांडी दुसरं कुणी घासत असेल, तर तिलाही द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)