शब्दवेध : तुरट
ग्रनॅश द्राक्षाच्या उंची रेड वाइनचा घोट घेतला, की आधी रास्पबेरी (आपल्याला ती सरबतातच भेटलेली), मग किंचित पांढरी मिरी आणि शेवटी जीभ हलकेच आवळल्यासारखी होते. त्या आवळण्याला नांदेड-लातूरकडे शब्द शोधावा लागत नाही. अर्धापूरचं कच्चं केळ चावलेल्या कुणालाही विचारा: तुरट!

मूळ संस्कृत ‘तुवर’. अमरकोशात तो कषाय रसाचा पर्याय आहे. ‘तुवरी’ म्हणजे तूर आणि तुरटीची मातीसुद्धा. म्हणजे लातूरच्या डाळमिलमध्ये भरडली जाणारी तूर आणि न्हाव्याच्या पेटीतली तुरटी एकाच गोत्रातल्या. वरणाच्या भुरक्यात हे कुणाला आठवतं?

आयुर्वेदाने तुरटाला सहा रसांत बसवलं. आजचं विज्ञान त्याला चवीपेक्षा स्पर्शच मानतं: द्राक्षाच्या सालीतलं, बियांतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि तोंड कोरडं पडतं. ग्रनॅशची साल पातळ, म्हणून तुरटपणा बेताचा. मद्यार्क मात्र अनेकदा १४ टक्क्यांच्या पुढे.

वाइनचे मराठी जाणकार इथे ‘ॲस्ट्रिंजंट’ लिहितात. कशाला? सरळ तुरट लिहा.