लाखोळी आणि लॅथिरिझम

लाखोळी (लाखोरी, खेसारी) हे पूर्व विदर्भातील गरिबाघरचे कडधान्य. गोंदिया जिल्हा आणि शेजारचा भंडारा हा धानाचा मुलूख. कापणीआधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या धानात लाखोळी फेकतात. ना नांगरट, ना ओलीत. पाऊस रुसला तरी ती तगते, आणि धोका नेमका तिथेच. तिच्यातील ओडॅप हे अमिनो आम्ल चेतापेशींना इजा करते. भातावर वरण म्हणून थोडी खाल्ली तर सहसा बाधत नाही. दुष्काळात दोन-तीन महिने तीच मुख्य अन्न झाली, की पाय ताठरतात, टाचा उचलल्या जातात, माणूस काठी टेकत चवड्यांवर चालतो. हे पंगुत्व, म्हणजेच लॅथिरिझम, कायमचे. विल्यम स्लीमन यांच्या १८४४ च्या प्रवासग्रंथात सागर भागातील अशा रुग्णांची नोंद आहे. १९६१ मध्ये केंद्राने विक्रीवर बंदी आणली. पीक मात्र बांधीत राहिलेच. नागपूरचे शांतिलाल कोठारी बंदीविरुद्ध दीर्घकाळ लढले. पुढे महाराष्ट्राने ती उठवली. रतन, प्रतीक, महातिवडा या वाणांत ओडॅप कमी असते. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिल्यासही विष बरेच उतरते.