‘पाठवले’ आणि ‘पोचले’

आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, ‘सर, इतिहासाच्या व्याख्यानात ऑनलाइन खरेदी कुठून आली?’ कुठून आली ते सांगतो.

माझा एक जुना विद्यार्थी भामरागड तालुक्यात शिक्षक आहे. एका जुलैत त्याने सौर कंदील मागवला. त्या दुकानाच्या पानावर लिहिलं होतं: भारतात कुठेही, चार दिवसांत, मोफत घरपोच. त्याने पैसे आधीच भरले. तिसऱ्या दिवशी ‘पाठवले’ असा संदेश आला, आणि मग आठ दिवस काहीच नाही. नंतर कळलं की ‘ग्राहक घरी नव्हते’. आणखी दोन दिवसांनी तर ‘ग्राहकाने पार्सल नाकारले’. अहो, पर्लकोटेच्या पुलावरून पाणी वाहत होतं, हा घर सोडून जाणार कुठे? पार्सल परत गेलं आणि परत मिळालेल्या पैशांतून शिपिंग चार्ज कापला गेला. मोफतचा चार्ज!

या गोष्टीत अंतराचा धोका कोणाच्या डोक्यावर, हा प्रश्न आहे. आणि तो फार जुना आहे.

१८५४ साली नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि चांदा इंग्रजांकडे गेला. त्याच साली टपालाचा नवा कायदा आला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की देशाच्या दुसऱ्या टोकाला. त्याआधी जितकं अंतर तितका दर, असा हिशेब होता. या अर्ध्या आण्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. जंगलातल्या माणसाचं पत्र पोचवायला खर्च जास्त येतो. तो जास्तीचा खर्च आता सगळ्यांनी मिळून उचलायचा.

मात्र सरकारने तेव्हा वेळेचं वचन दिलं नाही. १८९८ च्या टपाल कायद्याचं सहावं कलम स्पष्ट होतं: वस्तू हरवली, चुकीच्या जागी गेली, उशिरा पोचली, खराब झाली, तर सरकारने स्वतः शब्द देऊन जबाबदारी घेतली असेल तेवढीच, एरवी नाही. कलम ग्राहकाला कठोर होतं, हे मान्य. पण त्यात खोटं काही नव्हतं. ‘पोचवू, कधी ते विचारू नका,’ असा तो करार.

दूरच्या खरेदीचं खरं साधन म्हणजे व्ही. पी. हे १८७७ साली सुरू झालं. माझ्या वयाच्या लोकांना मासिकांतल्या जाहिराती आठवतील: किंमत अमुक, ट. ख. निराळा, व्ही. पी. ने मागवा. ‘ट. ख.’ म्हणजे टपालखर्च, आणि तो निराळा आहे हे किमतीला लागूनच छापलेलं असे. पार्सल आलं की पोस्टमनला पैसे देऊन व्ही. पी. सोडवायची, टपालखातं ते पैसे दुकानदाराला पाठवी. फसवणूक तेव्हाही होती. पुडकं पैसे दिल्यावरच हाती येई, मग आत काय निघेल ते नशीब! पण कायद्याने दोन गोष्टी केल्या होत्या. खरोखर मागणी असेल तरच व्ही. पी. पाठवायची. आणि फसवणूक झाली तर वसूल केलेले पैसे रोखून घेणाऱ्याला परत करता यावेत, असे नियम करण्याची तरतूद ठेवली. आपण ज्याला कॅश ऑन डिलिव्हरी म्हणून नवलाईने मिरवतो, त्याला दीडशे वर्षं होत आली.

आता कायद्यातल्या एका गमतीकडे येऊ. १९३० च्या मालविक्री कायद्याचं ३९ वं कलम सांगतं, की करारानुसार विक्रेत्याने माल वाहतूकदाराच्या हवाली केला, की सकृद्दर्शनी तो खरेदीदारालाच दिला असं धरायचं. म्हणजे ‘पाठवले’ हेच ‘पोचले’! व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांत हे ठीक आहे, कारण तिथे वाहतूकदार कोण हे दोघांनाही ठाऊक असतं.

याच धर्तीचा प्रश्न एका मराठी कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ओगलेवाडीचा ओगले काच कारखाना, प्रभाकर कंदीलवाला. तो तेव्हा औंध संस्थानात होता. भारत सरकारने त्यांच्याकडून कंदील घेतले आणि दिल्लीहून टपालाने चेक पाठवले. पैसे मिळाले कुठे, दिल्लीत की औंधात? वाद होता प्राप्तिकराचा. १९५४ साली न्यायालयाने म्हटलं, की चेक पाठवा असं कंपनीनेच सुचवलं, म्हणून टपालखातं तिचं प्रतिनिधी. चेक दिल्लीच्या पेटीत पडला तेव्हाच पैसे मिळाले. सूत्र असं, की जो ‘पाठवा’ म्हणतो त्याच्या बाजूने टपाल उभं राहतं. तिथे प्रश्न चेकचा होता, मालाचा नव्हे. पण माझा शिक्षक ‘ऑर्डर करा’ हे बटण दाबतो तेव्हा तोही ‘पाठवा’च म्हणतो ना? फरक एवढाच, की कुरिअर कोणतं ते त्याने निवडलेलं नसतं. कुरिअरचं नावही त्याला पार्सल अडल्यावर कळतं.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर, कोकणातले, संस्कृत कवी. सारख्या नावाची गावं आणि वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते यांतून पत्र नेमकं पोचावं म्हणून ते सहा अंक. आज तेच अंक टाकले की उत्तर येतं, ‘या ठिकाणी सेवा उपलब्ध नाही.’ पोचवण्यासाठी केलेला आकडा वगळण्यासाठी वापरला जातो! तरी मी म्हणेन, हे उत्तर प्रामाणिक आहे. वाईट दुकान ते, जे पिनकोड पैसे घेतल्यावर वाचतं.

कांटने १७८५ च्या ग्रंथात खोट्या वचनाचं उदाहरण घेतलंय: फेडता येणार नाही हे माहीत असून कर्ज मागणारा माणूस. आमच्या दुकानदाराचा बचाव यापेक्षा हुशार आहे. तो म्हणतो, मला माहीत नव्हतं, ती तारीख ‘अंदाजे’ होती. पण पत्ता त्याच्या हातात होता. जे सहज कळू शकत होतं ते कळून न घेता शब्द द्यायचा, हे मला खोट्या वचनाचंच भावंड वाटतं.

अमेरिकेत १९७५ साली टपाल-खरेदीसाठी नियम झाला: सांगितलेल्या मुदतीत, मुदत सांगितली नसेल तर तीस दिवसांत माल रवाना करा, जमत नसेल तर गिऱ्हाइकाला कळवून पैसे परत घेण्याची मुभा द्या. आपल्याकडे २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. जाहीर केलेल्या वेळेपेक्षा माल उशिरा आला, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. अपवाद, आटोक्याबाहेरची आपत्ती. इथे दुकानदार म्हणणार, पूर होता! पूर ही आपत्ती खरीच. पण पर्लकोटेचं पाणी भामरागडच्या पुलावर चढणं ही दर पावसाळ्याची गोष्ट आहे. जुलै महिन्यात ‘कुठेही, चार दिवसांत’ लिहिणाऱ्याने पुराकडे बोट दाखवावं, हे मला पटत नाही.

दुसरा बदल २०१९ च्या ग्राहक कायद्याने केला, आणि आपल्या दोन जिल्ह्यांसाठी मला तो सगळ्यात मोठा वाटतो. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पूर्वी विक्रेत्याचं ठिकाण किंवा व्यवहार कुठे घडला यावर वाद चाले. आता बेंगळुरूच्या दुकानाला गडचिरोलीत उत्तर द्यावं लागतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरच्या वर आहे, पण ऑनलाइन, घरबसल्याही तक्रार देता येते. अर्थात, नेटवर्क असेल तर.

शिक्षकाने १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. कापलेले पैसे तीन आठवड्यांनी परत आले, सोबत ‘तांत्रिक चूक’ असा खुलासा. कंदील त्याने पाणी उतरल्यावर आलापल्लीच्या बाजारातून घेतला. ‘ग्राहकाने नाकारले’ ही नोंद मात्र कोणी पुसली नाही. ते ॲप आता त्याला कॅश ऑन डिलिव्हरी देत नाही.